डोळे मिटले की डोकं जास्तच बोलतं... सक्रिय ध्यान कोणी करतंय का? (ठाणे / नवी मुंबई)

रानजाई | रविवार, सकाळी ८:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज घरातले अजून उठायचेत म्हणून बसले एकदाची. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात राहते, कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला. गेल्या वर्षी मार्चमध्ये बाबा गेले. वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, ३१ वर्षं एकाच कारखान्यात. हॉस्पिटल, दिवसकार्य, बँक, पेन्शनचे कागद सगळं मीच बघितलं आणि या सगळ्यात रडले नाही. आधी वेळच नव्हता, आणि वेळ मिळाला तेव्हा रडू येईना. मग झोप गेली. रात्री अडीचला जाग यायची आणि डोक्यात तेच ते, आयसीयूबाहेरचा बाक, डॉक्टर काय म्हणाले, मी काय विचारायला हवं होतं, दुसऱ्या हॉस्पिटलला न्यायला हवं होतं का.

सगळे म्हणाले ध्यान कर. केलं की. ॲप घेतलं, मांडी घालून बसले, श्वासाकडे लक्ष द्या म्हणे. दोन मिनिटांत छातीत धडधड, पाय आपोआप हलायला लागायचे आणि तो बाक डोळे उघडे असताना दिसायचा त्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसायचा. महिनाभर रोज बसले आणि रोज उठताना वाटायचं की आपल्याला साधं गप्प बसताही येत नाही.

मग ऑफिसमधल्या मैत्रिणीने ओढून नेलं, शनिवारी सकाळी ६ वाजता, नौपाड्यातला एक हॉल, आम्ही १४ जण. ओशोंचं डायनॅमिक, म्हणजे सक्रिय ध्यान. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक तास असतो, पोट रिकामं, डोळे बंद, डोळ्यांवर पट्टी. पहिली १० मिनिटं नाकाने जोरजोरात श्वास, तोही लय न धरता, भर सगळा बाहेर टाकण्यावर, आत घ्यायचं काम शरीर बघतं. पुढची १० मिनिटं जे येईल ते बाहेर, ओरडा, रडा, हसा, हातपाय झाडा. तिसरी १० मिनिटं हात वर करून उड्या आणि प्रत्येक उडीला ‘हू’, टाचा पूर्ण टेकायच्या. मग एकदम ‘थांबा’ असा आवाज येतो आणि जसे असाल तसे १५ मिनिटं पुतळा, हात वर तर हात वरच, खोकायचं पण नाही. शेवटची १५ मिनिटं नाच. पद्धत १९७० सालची आहे, म्हणजे ओशो पुण्याला कोरेगाव पार्कात जायच्या चार वर्षं आधीची, त्याच वर्षी ते मुंबईत राहायला आले होते. त्यांचं म्हणणं असं होतं की आजच्या माणसाच्या आत इतकं दाबलेलं साचलंय की त्याला सरळ बसवलं तर तो शांत होणार नाही, आधी ते बाहेर जाऊ दे. मला त्या एका वाक्यासाठीच जावंसं वाटलं, कारण तोपर्यंत सगळे मला दोष देत होते की तू नीट बसत नाहीस.

तर दुसऱ्या टप्प्यात माझं काय झालं, तर काहीच नाही. आजूबाजूला लोक ओरडतायत आणि मी पट्टीआड लाजून उभी. मग कोणीतरी बाई हुंदके देऊन रडायला लागली आणि माझ्या तोंडातून आजीसारखी मालवणी निघायला लागली, आजी रागावली की जशी बोलायची तशी, मी ती भाषा पंचवीस वर्षांत बोलले नव्हते. थोड्या वेळाने त्यातले शब्द पण गेले, नुसते आवाज. हू करताना पोटऱ्या पेटल्या होत्या. आणि मग थांबा.

ही १५ मिनिटं मला सांगायची आहेत. हात वर अडकलेले, खांदे भरून आलेले, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमतोय ते कळतंय, बाहेर रिक्षा गेली, कुठेतरी शटर उघडलं, आणि डोक्यात कोणी बोलत नव्हतं. मी शांतता आणली नव्हती, मी दमून थांबले होते आणि ती तिथे होती. बाक नव्हता. रडू आलं ते सगळ्यात शेवटी, नाचताना. हे कोणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

आता अडचण. मला हे रोज करायचंय आणि आमचा सातव्या मजल्यावर वन बीएचके आहे. दुसऱ्याच दिवशी घरी उड्या मारल्या तर खालच्या काकू घाबरून वर आल्या, पाठोपाठ वॉचमन. कोण कोण करतं, घरी कसं करता, काय फरक पडला, सगळं लिहा.

---

पालापाचोळा | ९:२५

वाचतेय. बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं गं. माझ्या आईच्या वेळी माझं अगदी असंच झालं होतं, रडू यायला आठ महिने लागले.

---

घणसोली_लोकल | १०:०५

मी केलंय ताई, सलग २१ दिवस करून बघा म्हणतात ना ते. महापेला शिफ्ट असायची, आम्ही तिघं रूमवर, तळमजला होता म्हणून निभावलं. तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना इतक्या पोटऱ्या धरल्या, कारण मी चवड्यांवर उड्या मारत होतो, टाचा टेकत नव्हतो. खाली जुनी गादी टाका, गुडघे वाचतील. पाचव्या सहाव्या दिवशी वाटलं आपण नाटक करतोय, खोटंच ओरडतोय. तेव्हा मी बंद करणार होतो पण तिकडे एक सिनियर होते ते म्हणाले खोटं तर खोटं, सुरुवात कर, शरीर पुढचं बघतं. आणि खरंच नवव्या दिवशी मी जे ओरडलो त्यात नाटक काही नव्हतं, दहावीला नापास झालो तेव्हा वडिलांनी गावासमोर मारलेलं ते निघालं, मला वाटायचं ते मी कधीच विसरलोय. १३व्या दिवशी ताप होता, चुकला. पुन्हा १ पासून मोजायला सांगतात काही जण, मी नाही मोजलं, पुढे चालू ठेवलं.

फरक म्हणाल तर राग येतो अजून पण आला की कळतं की आलाय, आधी हात उठल्यावर कळायचं. लोकलमध्ये भांडणं बंद झाली माझी.

---

नाना_नेरूळ | ११:१५

माझे वय ६७. बीपीची गोळी चालू आहे, तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवला आहे. निवृत्तीनंतर झोप फार कमी झाली आहे, डोके सतत चालू. हे मला करता येईल काय? मार्गदर्शन करावे.

---

पारसिकचा_डॉक्टर | ११:५०

नाना, डायनॅमिक तुम्ही करू नका. स्पष्टच सांगतो, मी फिजिशियन आहे. जोराचा श्वास, उड्या आणि हात वर धरून १५ मिनिटं स्तब्ध उभं राहणं हे तिन्ही तुमच्यासाठी नको. हृदयविकार, आटोक्यात नसलेलं बीपी, फिट्स, काचबिंदू, हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर जोरजोरात श्वासाचे प्रकार टाळायचे.

बाकीच्यांसाठी, भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. लोक याला शक्ती जागी झाली म्हणतात. ते होत असेल तर थांबा, खाली बसा, सावकाश श्वास घ्या, काही मिनिटांत उतरतं. कोणी म्हणालं की रेटून न्या, तर त्याचं ऐकू नका.

नाना, तुमच्यासाठी गुणगुणणं चांगलं. भ्रामरी प्राणायाम माहीत असेलच. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली मोजलं होतं, नुसता श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडला तर नाकातून बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड सुमारे १५ पट वाढतो. त्याने झोप येते असा दावा मी करत नाही, पण लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते हे नक्की, आणि ते तुम्हाला मानवेल. तुमच्या कार्डिओलॉजिस्टना एकदा विचारा.

---

रानजाई | १२:१०

डॉक्टर, खूप धन्यवाद, हे माझ्या लेखात यायला हवं होतं. नाना, ओशोंच्याच ध्यानांत नादब्रह्म म्हणून एक प्रकार आहे, त्यात उड्या नाहीत काही नाही. अर्धा तास ओठ मिटून गुणगुणायचं, पुढचा पाव तास हात नाभीपासून अगदी हळू गोल फिरवायचे, आधी तळवे वर ठेवून बाहेरच्या दिशेने, मग तळवे खाली करून आत, आणि शेवटचा पाव तास गप्प पडून राहायचं किंवा बसायचं. मूळ तिबेटी पद्धतीवरून घेतलंय. डॉक्टरांना विचारूनच करा.

---

प्रश्नचिन्ह | १२:४५

अनुभवाबद्दल आदर आहे, पण एक शंका मांडतोच. आत साचलंय ते बाहेर टाका की मोकळे व्हाल, ही कल्पना रागाच्या बाबतीत तपासली गेलीय आणि टिकलेली नाही. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांना राग येईल असं केलं, मग काही जणांना ज्याने राग आणला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. त्यांचा राग वाढला. जे नुसते बसून राहिले ते सगळ्यात कमी आक्रमक निघाले. २०२४ साली १५४ अभ्यास, १० हजारांवर माणसं एकत्र घेऊन आढावा आला, त्यातही तेच की शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही, निववणाऱ्या गोष्टींनी उतरतो. मग किंचाळून शांत कसं व्हायचं?

---

रानजाई | १:३०

हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण मी हा अनुभव घेतलाय आणि लिहायचा राहिला होता.

घरी सुरुवातीला मी उशी बडवायचे आणि बडवताना डोळ्यासमोर कोण, तर त्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरचा माणूस. १० मिनिटं त्याला मनातल्या मनात झोडपलं की मी अजून चिडून उठायचे, दिवसभर त्याच्याशी भांडण चालू. चार दिवस असं झालं. तेव्हा हॉलमधल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या गोष्ट सोड, आवाज ठेव. कोणावर ओरडतेस ते सोड, नुसतं ओरड. भाषा नाही असं बोल. म्हणून मी बिनअर्थाची बडबड करायला लागले, लहान मुलं करतात तशी, हातवारे करून, चढउतारासकट, पण एकही शब्द ओळखीचा नाही. आणि तिथे फरक पडला. शब्द असले की तक्रार तयार होते, तक्रार झाली की माणूस आठवतो, माणूस आठवला की परत तेच चाक. शब्दच काढून घेतले तर चाक फिरायला काही उरत नाही.

म्हणजे तुमच्या ठोशांच्या प्रयोगातलं ते ‘त्याचा विचार करत’ हेच मला महत्त्वाचं वाटतं. आणि दुसरं, आमच्यात ओरडून झालं की घरी जात नाही कोणी. पुढे १५ मिनिटं थांबणं आहे. मी एकदा ऑफिसची घाई म्हणून तिसऱ्या टप्प्यानंतर सोडून आंघोळीला गेले, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोकं भणभणत होतं. ओरडणं हे उंबऱ्यापर्यंतचं, आत जायचं ते त्या थांबण्यातून. निवणं निवणं म्हणतात तुमचे अभ्यास ते बहुतेक तिथेच होतं.

---

प्रश्नचिन्ह | २:०५

हं. गोष्ट काढून घ्या, आवाज ठेवा. हे पटण्यासारखं आहे. बुशमनच्या प्रयोगातही विचार उगाळणाऱ्यांचाच राग सगळ्यात जास्त होता. विचार करतो.

---

धम्मवाट | ३:४०

मी विपश्यना करतो, इगतपुरीला चार १० दिवसांची शिबिरं झाली (तिथे १९७६ पासून शिबिरं होतायत). आमच्याकडे उलट आहे. पहिले साडेतीन दिवस नुसता येणारा जाणारा श्वास, मग अंगावरच्या संवेदना, आणि नंतर दिवसातून तीनदा एक एक तास हालायचं नाही. ताईंना जे हालून मिळालं ते आम्ही न हालता शोधतो. गुडघा जळतो, रडू येतं, ओरडावंसं वाटतं, पण ते बाहेर टाकायचं नाही आणि दाबायचंही नाही, बघायचं फक्त. मला वाटतं बाहेर टाकायची सवय लागली तर रोज टाकावं लागेल.

पण एक मान्य करतो. पहिल्या शिबिरात दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली होती, कसाऱ्यापर्यंत पळून आलो असतो. तेव्हा कोणी मला पाच मिनिटं टेकडीवर पळू दिलं असतं तर फार बरं वाटलं असतं. एकच विनंती, आठवड्यात तीन पद्धती करू नका, एक धरा.

---

नौपाड्याची_माई | ४:१५

मुलींनो, मी ७४ वर्षांची, नातवाने टाइप करायला शिकवलंय, हळूहळू लिहिते. हे वाचून मला आमची घागर आठवली. अश्विनातली अष्टमी, तांदळाच्या उकडीचा देवीचा मुखवटा, घरभर उदाचा धूर, घागरीत तो धूर धरायचा आणि तिच्या तोंडावर फुंकर मारत नाचायचं. फुंकताना श्वास सगळा बाहेर जातो, तुझ्या त्या पहिल्या १० मिनिटांसारखाच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी दादरला सासरी फुंकली. तेव्हा मला घरात कोणी बोलू देत नसत, मोठी जाऊ होती, असो. त्या रात्री मी तास दीड तास फुंकत होते, सासूबाई म्हणाल्या पुरे, पण मला थांबता येईना. मग एकदम बसले भिंतीला टेकून. इतकं निवांत मी लग्नानंतर पहिल्यांदा बसले असेन. कोणी म्हणालं अंगात आलं. अंगात बिंगात काही नव्हतं गं, मला सगळं ऐकू येत होतं, फक्त कसलं ओझं नव्हतं. मंगळागौरीला पण रात्रभर फुगड्या झिम्मे घालून पहाटे असंच व्हायचं. आम्हा बायकांना ओरडायची परवानगी तेवढ्याच रात्री होती.

---

रानजाई | ४:२५

माई, मी हे तीनदा वाचलं. तुम्ही लिहीत राहा.

---

टाळकरी | ५:००

माईंना दंडवत. आमच्या भजनात पण हेच. मी कळव्याचा, दर एकादशीला बसतो. गजर चढत जातो, पखवाज पळायला लागतो, पावली धरलेली, अंगाचं पाणी होतं आणि बुवा हात वर करतात, सगळे टाळ एका क्षणी बंद. त्या वेळी जी शांतता पडते तिच्यासाठी मी जातो हे मला आज तुमचं ‘थांबा’ वाचून कळलं. वारीत रिंगण झाल्यावर पण माणसं जिथल्या तिथे बसतात माळावर, कोणी बोलत नाही थोडा वेळ. फरक एवढाच की आमच्याकडे ओरडायला नाव आहे, तुमच्याकडे कोणाचं नाव नाही.

---

शांतपणे_सांगतो | ६:३०

सगळे चांगलं लिहितायत पण मला दुसरी बाजू लिहायलाच हवी. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. तो एका निवासी शिबिराला गेला, कुठलं ते सांगत नाही, सलग पाच दिवस दिवसाला तीन तीन सत्रं आणि झोप पाच तास. चौथ्या दिवसापासून तो झोपलाच नाही, बडबड, आपल्याला सगळं समजलंय म्हणून. आयोजक म्हणाले निचरा होतोय, होऊ द्या. आम्ही त्याला आणायला गेलो तेव्हा तो आम्हाला ओळखत होता पण ऐकत नव्हता. दोन महिने ॲडमिट होता. आता गोळ्यांवर छान आहे, नोकरी करतो. फॉर्मवर कोणी एक प्रश्न विचारला नव्हता की आधी कधी मानसिक त्रास, घरात कोणाला आहे का. तेवढा एक प्रश्न विचारला असता तर.

---

पारसिकचा_डॉक्टर | ६:५५

हे फार महत्त्वाचं आहे, वर आणा कोणीतरी. बायपोलर, सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा घरात तसा इतिहास असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय असली तीव्र शिबिरं नकोत, आणि झोप तोडणारी तर मुळीच नकोत. झोप उडाली आणि तरी थकवा नाही, ही धोक्याची घंटा आहे, तो निचरा नाही. रात्री अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि रानजाई, तुम्हालाही सांगतो, वर्षभर झोप नसेल तर ध्यानासोबत एकदा डॉक्टरही गाठा. दोन्ही चालतं.

---

रानजाई | ७:२०

हो डॉक्टर. फेब्रुवारीपासून समुपदेशकाकडे जातेय पाचपाखाडीला, दर पंधरवड्याला. ‘शांतपणे_सांगतो’, तुमचा प्रतिसाद मी धाग्याच्या सुरुवातीला चिकटवायची विनंती ॲडमिनना केलीय. आमच्या हॉलमध्ये पण मी फॉर्मचं बोलणार आहे या शनिवारी.

---

येऊरवाट | ८:१०

घरी होत नसेल तर येऊरला जा ना सकाळी, कोण विचारतंय.

---

घणसोली_लोकल | ८:१८

नको नको. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, बिबटे आहेत, पहाटे अंधारात पट्टी बांधून किंचाळायची जागा नाही ती, आणि जनावरांना पण त्रास. वाशीला मिनी सीशोरला मी करून बघितलं तर चालणारे काका लोक गोळा झाले, पोलीस बोलवत होते.

---

रानजाई | ९:००

मला जे जमलं ते सांगते. डायनॅमिक आवाजाशिवायही करता येतं, मूळ सूचनेतच तसं आहे, जागा नसेल तर दुसऱ्या टप्प्यात सगळं अंगातून काढायचं, तोंड, जबडा, बोटं, सगळं वेडंवाकडं, आवाज नाही. आणि हू आतल्या आत मारायचा. उड्यांऐवजी मी गुडघ्यातून हबके देते, खाली सतरंजी आणि त्यावर मुलाचं खेळायचं फोमचं मॅट. काकूंना आधीच जाऊन सांगून आले, त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या सात वाजायच्या आत उरक, मग मी पूजेला बसते.

ऑफिसच्या दिवशी संध्याकाळी ओशोंचंच कुंडलिनी ध्यान करते, ते फ्लॅटसाठी उत्तमच. पाव तास थरथरणं, पाव तास नाच, पाव तास बसून किंवा उभं राहून काहीच नाही, पाव तास पडून. यात थरथरणं आपण करायचं नाही, पायाच्या तळव्यांतून सुरू होऊ द्यायचं, सुरुवातीला करावं लागतं पण नंतर ते आपलं आपण चालतं. दिवसभर मॉनिटरसमोर मान धरून बसलेलं अंग कुठे कुठे आवळलेलं होतं ते तेव्हा कळतं, माझा तर जबडाच. बाबा लेथवर काम करताना असाच जबडा आवळून धरायचे, आई सांगते.

झोपेचं विचाराल तर अडीचला अजून जाग येते, आठवड्यातून दोनदा वगैरे. पण उठून पाणी पिते आणि परत झोप लागते. तो बाक दिसतो कधी कधी. दिसतो आणि जातो.

---

नाना_नेरूळ | शुक्रवार, सकाळी ७:३५

कार्डिओलॉजिस्टना विचारले. गुणगुणण्यास हरकत नाही म्हणाले, श्वास रोखू नका एवढे सांगितले. मंगळवारपासून नादब्रह्म करीत आहे. पहिल्या दिवशी सौ. स्वयंपाकघरातून पाहायला आली की फ्रिजचा आवाज का येतोय. कालपासून ती पण शेजारी बसते. झोपेत अजून फरक नाही, परंतु तो शेवटचा पाव तास फार बरा वाटतो, त्या वेळेत मी निवृत्तीपूर्वीच्या साहेबाला एकही उत्तर दिले नाही. एक शंका आहे. हात फिरवताना दिशा कधी बदलायची? घड्याळ पाहण्यासाठी डोळे उघडावे लागतात.

---

रानजाई | ७:५०

नाना!! किती छान. घड्याळ नका बघू, अलार्म पण नको, दचकायला होतं. त्याचं ठरलेलं संगीत आहे, साडेसात मिनिटांनी ते बदलतं तेव्हा तळवे उलटे करायचे. काकूंनाही सांगा, हात जेवढे हळू वाटतात त्याच्या निम्म्या वेगाने.